पूर्वपक्षावर सही

अमळनेरात दोन गोष्टी सुरू झाल्या. १९१६ साली प्रतापशेटजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला, मलकानींनी तिथून इंग्रजी नियतकालिक चालवलं, आणि साने गुरुजीही शाळेत मास्तर होण्याआधी काही काळ तिथेच अभ्यासाला होते. दुसरी गोष्ट १९४५ सालची. गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचं पुढे विप्रो झालं. त्या काळी ज्यांनी कंपनीचे शेअर घेऊन ट्रंकेत टाकले, त्यांच्या घरांच्या कथा गावात अजून सांगतात. तत्त्वज्ञान मंदिराने शेअर काढले नव्हते.

गावातला कुठलाही वाद संपवायला एवढा एक मुद्दा पुरतो. मुक्ताच्या वडिलांनी तो पहिल्याच संध्याकाळी टाकला.

मुक्ता बारावी सायन्स झाली होती, मार्क बरे होते, आणि इंजिनिअरिंगला जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिने जेवणाच्या वेळी सांगितलं की तिला पुण्याला जाऊन तत्त्वज्ञानात पदवी घ्यायची आहे. चार वर्षांची. आईने भाकरी थापायची थांबवली. वडील म्हणाले, "या गावात एकाने तत्त्वज्ञान काढलं, एकाने तूप. नातवंडं कुणाची सुखात आहेत, जाऊन बघून ये." मग थोड्या वेळाने, हात धुताना म्हणाले, "तुला काय करायचं ते कर." आपल्याकडे या वाक्याचा अर्थ काय होतो ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

मुक्ता हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने स्टेशनरीच्या दुकानातून ड्रॉइंग शीट आणली आणि तिच्यावर आठ चौकोन आखले, सत्राला एक. नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा तिने इतका घोटला होता की कॉलेजच्या ऑफिसातल्या कारकुनालाही तिने दोन ठिकाणी दुरुस्त केलं असतं. एका सत्राचे वीस ते बावीस श्रेयांक, चार वर्षांचे १६० ते १७६. मेजर तत्त्वज्ञान, मायनर अजून ठरायचा, आणि बाकी ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, सीईपी. (हा आराखडा ज्यांनी केला त्यांना आद्याक्षरांची भलतीच हौस असावी. आमच्या वेळी विषय नापास व्हायला तरी सोपे होते, निदान कशात नापास झालो ते सांगता यायचं.) प्रत्येकाला वेगळा रंग. पहिल्या सत्रात तर्कशास्त्र, दुसऱ्यात नीतिशास्त्र, मग भारतीय दर्शनं, ग्रीक, देकार्त ते ह्यूम, कांट, हेगेल, अस्तित्ववाद, विसाव्या शतकातलं भाषेचं तत्त्वज्ञान. शेवटच्या चौकोनात सोनेरी पेनाने 'रिसर्च ऑनर्स', आणि बाणाने पुढे 'पीएचडी'.

शीटच्या मागे वाचायच्या पुस्तकांची यादी होती, प्रत्येकापुढे तारीख. कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत बसवलं होतं. ते १७८१ साली बाहेर येण्याआधी कांटने जवळजवळ दहा वर्षं फारसं काही छापलं नव्हतं. मुक्ताने त्याला एकवीस दिवस दिले होते, त्यात लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज धरून.

ही शीट गुंडाळून ती बाईंकडे गेली. बाई म्हणजे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका. गावात एवढ्याच एका बाई अशा होत्या, म्हणून नाव कुणी घेत नसे. मुक्ताची अपेक्षा होती की बाई शीट पाहून खूश होतील आणि फार तर दोन पुस्तकं सुचवतील.

बाईंनी शीट उलगडली. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायला चष्म्याचं घर, औषधाची बाटली, पंचांग आणि मुक्ताच्या चहाची बशी ठेवली. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "वडील काय म्हणतात?"

"त्यांना काही कळत नाही हो बाई. नोकरी, नोकरी आणि नोकरी."

"हा त्यांचा पूर्वपक्ष?"

मुक्ताला शब्द माहीत होता. तिसऱ्या सत्राच्या चौकोनात तो हिरव्या रंगात होता.

बाई म्हणाल्या, "आपल्याकडे ग्रंथ लिहिणारा आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचा. नुसतं मांडायचा नाही, त्याला स्वतःला सुचलं नसेल इतक्या जोराने मांडायचा. मग आपलं उत्तर. चार्वाकांचे ग्रंथ जवळपास सगळे गेले. तरी चार्वाक काय म्हणत होते ते आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. का? तर ज्यांना ते मुळीच पटत नव्हते, त्यांनी नीट लिहून ठेवलं म्हणून. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलंच दर्शन चार्वाकांचं आहे, आणि माधवाचार्य कोण? वेदान्ती. युरोपात ॲक्वायनसही तेच करतो, प्रत्येक प्रश्नाला आधी आक्षेप, मग स्वतःचं. आणि तू म्हणतेस 'नोकरी, नोकरी, नोकरी'. माधवाचार्यांनी असं लिहिलं असतं तर चार्वाक म्हणजे खादाड लोक होते एवढंच आपल्याला कळलं असतं."

"पण बाई, मी आराखडा दाखवायला आले होते."

"तो मी बघेन. आधी वडिलांचं म्हणणं एका पानावर लिही. त्यांना वाचायला दे. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणून त्यांनी खाली सही केली, की ये." बाईंनी बशी उचलली. शीट आपोआप गुंडाळली गेली.

मुक्ताला हे फारसं अवघड वाटलं नाही. रात्रीच तिने पान लिहिलं. 'माझ्या वडिलांच्या मते शिक्षणाचा हेतू पैसा मिळवणे हा आहे. तत्त्वज्ञानामुळे नोकरी मिळत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे असे त्यांना वाटते. समाज काय म्हणेल याचीही त्यांना काळजी आहे.' सकाळी ते घेऊन ती धुळे रोडवरच्या दुकानात गेली.

दुकान मोटार रिवाइंडिंगचं. दारात जळालेल्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर, आणि सगळ्यावर वार्निशचा वास. वडिलांनी कॉटन वेस्टला हात पुसून कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

"कोण आहे हा माणूस? फार वाईट दिसतो."

"पप्पा, मस्करी नको. हे तुमचं म्हणणं आहे ना?"

"पैशासाठीच शिकायचं असं मी कधी म्हणालो? आणि समाज कुठून आला यात? समाजाने माझं एक बिल तरी भरलंय?" त्यांनी कागद परत दिला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

तेवढ्यात एक शेतकरी छोटा हत्ती टेम्पोतून मोटार घेऊन आला. विहिरीवरची तीन एचपीची. उतरवता उतरवताच त्याने निदान सांगून टाकलं. विहीर आटली, मोटार कोरडी चालली आणि जळाली. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी मागचं झाकण काढलं, रोटर बाहेर ओढला आणि स्टेटर उजेडाकडे फिरवला. मुक्ता लहानपणापासून या दुकानात येत होती, पण ओणवं होऊन आत पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. काही कॉइली कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या, काही नव्या असाव्यात तशा तांबूस चमकत होत्या. काळ्या आणि तांबूस आळीपाळीने, अगदी मोजून ठेवल्यासारख्या.

"कोरडी चालली असती तर आधी सील गेलं असतं," वडील म्हणाले. "सील धड आहे. ओव्हरलोडने गेली असती तर तिन्ही फेज सारखे जळाले असते. इथे दोन जळालेत, एक जसाच्या तसा. म्हणजे एका फेजचा करंट गेला होता आणि मोटार दोनवरच घुमत राहिली. प्रिव्हेंटर होता का स्टार्टरला?"

"होता."

"होता म्हणजे?"

शेतकऱ्याने टोपी मागे सरकवली. "सारखा ट्रिप व्हायचा. वायरमनकडून डायरेक्ट करून घेतला."

"म्हणजे तो बोंबलून सांगत होता की फेज जातोय, आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधलं. भरून देतो मोटार. पण प्रिव्हेंटर जोडल्याशिवाय चालवू नका, नाहीतर महिन्याभरात परत याल. मला काय, धंदाच आहे."

शेतकरी गेल्यावर मुक्ता तिथेच स्टुलावर बसून राहिली. वडील कॉइली कापत होते. जळालेली तार बाहेर ओढून पोत्यात टाकत होते, ती भंगारात किलोवर जाते. तिने विचारलं, "तुम्ही बीएस्सी का सोडलंत?"

हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. वडिलांनी हात थांबवला नाही. "दुसरं वर्ष चालू होतं. तुझे आजोबा अंथरुणाला खिळले. परीक्षेला बसलो नाही. मग वाटलं पुढच्या वर्षी बसू, मग हे दुकान. दीड वर्ष फिजिक्स शिकलो, त्याचा एक चिटोराही माझ्याकडे नाही. पहिल्या वर्षाची मार्कशीट असेल कुठेतरी, ती घेऊन कुणाकडे जाणार? कुणी विचारलं तर बारावी पासच सांगावं लागतं."

थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "तुझी ती शीट बघितली मी. तू झोपल्यावर. चार वर्षं सलग आहेत तिच्यात. कुणी आजारी पडत नाही, पाऊस चुकत नाही, कापसाचा भाव पडत नाही. असं एक तरी वर्ष आपल्या घरात गेलंय का?"

"नाही."

"आणि दुसरं सांगू? माझ्याकडे मोटार येते, मग मी ठरवतो कुठला पाना लागेल. तू दुकानभर हत्यारं मागवून ठेवलीस, तारखा घालून. बिघडलेली मोटार कुठे आहे? म्हणजे तुला नक्की कशाचं उत्तर पाहिजे? ते कुठल्या चौकोनात आहे? मला तरी सापडलं नाही. मला वाटलं रंगांत हरवलं असेल."

मुक्ताकडे याला उत्तर नव्हतं. तिने दुकानातल्याच बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. संध्याकाळपर्यंत चारदा खोडलं. शेवटी जे उरलं त्यात नोकरी हा शब्दच आला नाही. वडिलांचा तत्त्वज्ञानाला विरोध नाही, असं तिने लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या घरातला पैसा पावसावर चालतो, त्यामुळे कुठलंही चार वर्षांचं काम मधेच थांबू शकतं हे धरूनच हाती घ्यावं. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी हातात काय असेल, हे आधी माहीत पाहिजे. आणि जी मुलगी आपला प्रश्न सांगू शकत नाही पण चौथ्या वर्षाचं पुस्तक सांगते, ती शिकायला निघाली आहे की घरातून निघाली आहे, हे त्यांना कळत नाही.

शेवटचं वाक्य वडिलांच्या तोंडचं नव्हतं. तिला वाटलं, ते याच्यावर चिडतील. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि काही वेळ तसंच राहू दिलं. मग एकच दुरुस्ती केली. तिने एका ठिकाणी 'त्यांना भीती वाटते' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून वर लिहिलं, 'त्यांना अनुभव आहे'. खाली सही केली, तारीख टाकली, आणि सवयीने दुकानाचा शिक्का मारला.

बाईंनी शिक्का पाहिला तेव्हा त्यांना हसू आवरेना. "सही मागितली होती, इथे तर जीएसटी नंबरसकट पूर्वपक्ष आला." मग त्यांनी पान वाचलं. शेतकऱ्याच्या मोटारीची हकिगत मुक्ताने तोंडी सांगितली. बाई म्हणाल्या, "धूर दिसला म्हणून अग्नी आहे, हे अनुमान पहिल्या वर्षाला शिकवतात. सगळी पोरं पाठ करतात. पण धूर कशाकशाने होतो, आणि कुठलं कारण या धुराशी जुळत नाही, हे एकेक करून वगळणं फार थोड्यांना जमतं. तुझे वडील ते रोज करतात. जिथे धूर तिथे अग्नी, या नियमाला व्याप्ती म्हणतात. तुला अजून फक्त तो शब्द माहीत आहे, तोही हिरव्या रंगात."

आता त्यांनी शीट पुन्हा उलगडली आणि पेन्सिल घेतली. पहिलं काम असं केलं की प्रत्येक वर्षाखाली एक रेघ मारली आणि विचारलं, "इथे थांबलीस तर?" वर्षाने थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, पण दोन्हीसाठी कौशल्याचे चार जादा श्रेयांक करावे लागतात. मुक्ताच्या शीटवर ते नव्हते, कारण थांबायचा विचारच नव्हता. श्रेयांक बँकेत जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. "वर्षाच्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी देत नाही," बाई म्हणाल्या, "ते वडिलांना स्पष्ट सांग. पण त्यांच्या दीड वर्षासारखं वाऱ्यावर जात नाही. आणि मायनर असा घे की ज्याच्यावर मधल्या काळात चार पैसे मिळतील. तुझं गणित चांगलं आहे, संख्याशास्त्र घे. त्याने तत्त्वज्ञानाचा अपमान होत नाही."

पुस्तकांची यादी त्यांनी उलटून पाहिली आणि पहिल्या वर्षासाठी दोनच ठेवली: प्लेटोचा एखादा छोटा संवाद आणि अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह'. दोन्ही लहान, दोन्ही वर्षभर. श्रीनिवास दीक्षितांचं 'भारतीय तत्त्वज्ञान' उशाशी असू दे, आणि अडलं तर लायब्ररीत वाडेकरांनी संपादलेले 'मराठी तत्त्वज्ञान महाकोशा'चे खंड. तर्कशास्त्र लवकर पाहिजे, कारण ते नसेल तर पुढचं सगळं नुसतं ऐकल्यासारखं होतं. इंग्रजी वाचायचा वेग वाढवायचा, पण लिहायचं आधी मराठीत, म्हणजे न कळलेलं लपत नाही. बाकीच्या दर्शनांचा क्रम विद्यापीठ ठरवेल, त्यावर फार डोकं खाऊ नये.

मुक्ता सोनेरी चौकोनाकडे पाहत होती. बाईंनी तो हळूच पुसला. पेनाची शाई पुरती गेली नाही.

"आता हा चौकोन भरायचाच नाही. रिसर्च ऑनर्स पाहिजे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणजे अभ्यास तर करायलाच हवा. पण तीन वर्षांनी पदवी घेऊन निघालीस तर एमए दोन वर्षांचं, चार करून निघालीस तर एका वर्षाचं. हिशेब कर. दोन्हीकडून पाचच. मग आज ठरवायची घाई कुणाला आहे? तोवर एखादा प्रश्न तुला सोडेनासा झाला तर चौथं वर्ष त्याच्यासाठी. नाही झाला तर तीन वर्षांत गावी ये, संख्याशास्त्र आहेच."

"आणि प्रश्न सापडलाच नाही तर?"

"तर रंगीत पेनं माझ्या नातवाला दे."

नवी शीट पहिलीपेक्षा फारच कुरूप होती. अर्धे चौकोन पेन्सिलीत, एक पूर्ण कोरा, आणि प्रत्येक वर्षाखाली जाड रेघ. वडिलांनी ती दुकानात काउंटरवर पसरली. रेघा बोटाने मोजल्या. शेवटच्या कोऱ्या चौकोनावर थांबून म्हणाले, "हे राहिलं वाटतं."

"राहिलेलं नाही. ठेवलंय."

वडिलांनी "हं" केलं आणि पुण्याच्या मेसचा महिन्याचा खर्च विचारला. जूनमध्ये प्रवेश झाला.

गोष्ट इथे संपली असती, पण बाईंनी जाताजाता वडिलांनाही एक काम लावलं. शास्त्रार्थ एका बाजूने होत नाही, त्या म्हणाल्या. पोरीने तुमचं म्हणणं लिहिलं, आता तुम्ही तिचं लिहा. मुलगी तत्त्वज्ञान का शिकते आहे, एका पानावर. सही तिची.

वडिलांनी गणपतीपर्यंत टाळलं. मुक्ता सुट्टीला घरी आली तेव्हा त्यांनी खिशातून बिलबुकाचं घडी घातलेलं पान काढून दिलं आणि लगेच कुठल्याशा मोटारीकडे वळले. पानावर लिहिलं होतं: 'माझ्या मुलीला वाद घालायला आवडतो. पुस्तकं आवडतात. पुणे आवडते. म्हणून ती तत्त्वज्ञान शिकते.'

मुक्ताने ते दोनदा वाचलं.

"पप्पा, हे मी कधी म्हणाले?"

"म्हणाली नाहीस. पण असंच आहे ना?"

"नाही. सही नाही करणार मी." तिने कागद काउंटरवर त्यांच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवला आणि स्टूल ओढून बसली. "परत लिहा. आणि वाद आवडतो हे काढा आधी."